स्वादुपिंडदाह : मद्य आणि पित्तखडे यांच्या पलीकडे

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



हृदय, मूत्रपिंड, यकृत ही नावे आज घरोघरी परिचित आहेत. मधुमेहाच्या निमित्ताने स्वादुपिंडाचे नावही कानावर येते. परंतु हा अवयव नेमका कोठे असतो असे विचारले, तर बहुतेकांचा हात चुकीच्या जागी जातो. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पसरलेले, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचे हे पिंड आहे. त्याची कामे दोन. एक म्हणजे रक्तात इन्शुलिन सोडणे. दुसरे म्हणजे अन्न पचविणारा रस तयार करून तो नलिकेवाटे लहान आतड्याच्या आरंभी पोहोचविणे. हा रस विलक्षण प्रखर असतो. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे तो विघटन करतो. आणि स्वादुपिंड स्वतःही प्रथिनांचेच बनलेले असल्यामुळे निसर्गाने येथे मोठी खबरदारी घेतली आहे. ट्रिप्सिन हे प्रमुख पाचक द्रव्य पिंडात निद्रिस्त स्वरूपात तयार होते आणि आतड्यात पोहोचल्यावरच ते जागे होते. ही व्यवस्था कोलमडली आणि ते पिंडातच जागे झाले, म्हणजे पिंड स्वतःलाच पचवू लागते. ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी ही कल्पना १८९६ साली मांडली आणि ती आजही मूलतः मान्य आहे.

या विकारास तीव्र स्वादुपिंडदाह म्हणतात. पोटाच्या वरच्या भागात एकाएकी असह्य वेदना, ती पट्ट्यासारखी पाठीत जाणे, पुढे वाकून बसल्यावर किंचित हलके वाटणे, आणि सतत ओकाऱ्या, हे त्याचे नेहमीचे रूप. अनेकदा त्यास ‘पित्त झाले’ किंवा ‘गॅस धरला’ असे म्हणून एक रात्र वाया घालविली जाते. बहुसंख्य रुग्ण आठवड्याभरात सावरतात. परंतु साधारणपणे पाचांपैकी एकास विकार गंभीर स्वरूपाचा होतो, आणि त्यात मूत्रपिंडे, फुप्फुसे निकामी होऊन मृत्यूही ओढवतो.

रुग्ण दवाखान्यात पोहोचला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “दारू घेता का?” ज्या घराण्यात कित्येक पिढ्या मद्याचा स्पर्श नाही, तेथील माणसांस हा प्रश्न जिव्हारी लागतो. नातेवाईक रागावतात; कधी कधी तर डॉक्टर बदलण्यापर्यंत गोष्ट जाते. वास्तविक हा प्रश्न अपमानाचा नव्हे. जगभर या विकाराची दोन कारणे अग्रगण्य आहेत : पित्ताशयातील खडे आणि मद्यपान. तीन-चतुर्थांशाच्या आसपास रुग्ण या दोहोंतच मोडतात. शिवाय घरच्यांपासून लपवून पिणारे पुरुष प्रत्येक समाजात असतात, हे डॉक्टर अनुभवाने जाणून असतो. तेव्हा प्रश्न विचारणे योग्यच होय. अयोग्य आहे ते उत्तर ‘नाही’ आल्यावर त्यावर विश्वास न ठेवणे. आणि त्याहून अयोग्य म्हणजे, विश्वास ठेवून सोनोग्राफीत खडेही दिसले नाहीत, तर कागदावर ‘कारण अज्ञात’ असे लिहून रुग्णास घरी पाठविणे.

वहीखात्यात ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती तात्पुरती किरकोळ खात्यात टाकण्याची रीत आहे. तात्पुरती, हा शब्द महत्त्वाचा. वर्षअखेरीस ती रक्कम तेथेच पडून राहिली, तर हिशेबनीस कामात कुचराई करतो असेच म्हणावे लागते. वैद्यकातील ‘अज्ञात कारण’ हे असेच खाते आहे. त्यात गेलेल्या रुग्णांची बारकाईने पुन्हा तपासणी केली, तर अनेकांत पित्ताशयात सोनोग्राफीस सहज न दिसणारा बारीक गाळ सापडतो. दीर्घकाळ अन्न न घेतल्यास पित्ताशय आकुंचन पावत नाही आणि पित्त साचून असा गाळ बनतो. त्यामुळे मोठी तपश्चर्या करणाऱ्या व्यक्तीस पारण्यानंतर पोटात अशी वेदना उठल्यास तो केवळ अशक्तपणा समजू नये. परंतु हे पुन्हा पित्तखड्यांचेच सूक्ष्म रूप झाले. आजचा खरा विषय त्याच्याही पलीकडचा आहे, आणि त्यात सर्वांत दुर्लक्षित असे एक नाव आहे : कॅल्शियम.

कॅल्शियम म्हटले की हाडे, दात, दूध आणि ‘जितके अधिक तितके चांगले’ अशी समजूत डोळ्यांपुढे येते. रक्तातील कॅल्शियमला हे लागू नाही. त्याचे प्रमाण दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम इतक्या अरुंद पट्ट्यात शरीर राखते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्या हे काम पाहतात. त्यांपैकी एखादी वाढून अनिर्बंध काम करू लागली, की हाडांतील कॅल्शियम रक्तात येऊ लागते. स्वादुपिंडाच्या पेशींत कॅल्शियम प्रमाणाबाहेर गेले म्हणजे निद्रिस्त पाचक द्रव्यास जागे होणे सोपे होते, आणि जागे झालेले ट्रिप्सिन लवकर नष्टही होत नाही. म्हणजे आग लावण्यास मदत आणि ती विझण्यास अटकाव, असे दुहेरी काम एकच पदार्थ करतो.

१९५७ साली अमेरिकेतील बोस्टनचे शल्यविशारद ऑलिव्हर कोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. स्वादुपिंडदाह हाच पॅराथायरॉइडच्या विकाराचा सुगावा ठरू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे यावर बराच वाद झाला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८० साली अशा १,१५३ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा केवळ १७ जणांस स्वादुपिंडदाह झालेला आढळला. यावरून हा संबंध योगायोगाचा असावा, असे मानणारे बरेच झाले. परंतु २००६ साली दक्षिण भारतातील १०१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, त्यात १३ जणांस हा विकार झालेला होता. एवढा फरक का पडावा? पाश्चात्त्य देशांत कॅल्शियमची तपासणी नित्याच्या रक्ततपासणीत होते, त्यामुळे विकार लक्षणे दिसण्यापूर्वीच पकडला जातो. आपल्याकडे तो मूत्रखडे, हाडे मोडणे किंवा स्वादुपिंडदाह अशा थराला गेल्यावर उघडकीस येतो, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. कॅल्शियमच्या भूमिकेस दुजोरा देणारा आणखी एक पुरावा अनपेक्षित दिशेने आला. १९९१ साली बोस्टनमध्येच हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ३०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांना कॅल्शियम अधिक प्रमाणात टोचले गेले होते, त्यांच्या स्वादुपिंडास इजा होण्याचा धोका जास्त आढळला.

येथे एक असा सापळा आहे की जो प्रत्येक घरातील एका तरी व्यक्तीने लक्षात ठेवावा. स्वादुपिंडदाहाचा झटका चालू असताना पिंडाभोवतीची चरबी विरघळते, आणि तिच्यातील आम्लांशी कॅल्शियम संयोग पावून साबणासारखा पदार्थ तयार होतो. परिणामी रक्तातील कॅल्शियम खाली येते. ज्याचे मुळात १३ होते, त्याचे झटक्यात १० भरते आणि अहवालावर ‘सामान्य’ असा शेरा पडतो. दुकानाला आग लागलेल्या दिवशी केलेल्या मोजदादीवरून मूळ साठा किती होता हे ठरविता येत नाही, तसेच हे. आजारात रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घटते, त्यानेही कॅल्शियमचा आकडा फसवा कमी दिसतो. डॉक्टर त्यासाठी आकड्यात दुरुस्ती करतात. म्हणून कारण न सापडलेल्या प्रत्येक रुग्णाचे कॅल्शियम बरे झाल्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा तपासले पाहिजे. ही तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होते आणि तिचा खर्च किरकोळ असतो. ती होत नाही याचे कारण पैसा नसून विस्मरण आहे.

आता या विषयाच्या सर्वांत गंभीर भागाकडे वळावयाचे. रक्तातील कॅल्शियम वाढविणारे दुसरे मोठे कारण म्हणजे कर्करोग. कर्करोगाच्या रुग्णांपैकी पाचांत एकास किंवा त्याहून थोड्या अधिकांस आजाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर ही वाढ होते, असे पूर्वापार सांगितले जाते. ती कशी होते? पुष्कळांचा समज असा की कर्करोग हाडांत पसरला म्हणजेच कॅल्शियम वाढते. तसेही होते, स्तनाच्या कर्करोगात आणि मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात हाडे आतून पोखरली जातात. परंतु अधिक वेळा गाठ दूर कोठेतरी, फुप्फुसात किंवा मूत्रपिंडात असते, आणि ती पॅराथायरॉइडच्या संप्रेरकाची हुबेहूब नक्कल करणारे प्रथिन रक्तात सोडते. हाडांना ही नक्कल ओळखता येत नाही. खोट्या सहीच्या धनादेशावर रक्कम द्यावी तशी ती कॅल्शियम देत सुटतात. हे प्रथिन ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील शास्त्रज्ञांनी १९८७ साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींतून वेगळे केले. लिंफोमाच्या काही प्रकारांत गाठ स्वतःच ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप बनविते, हा तिसरा मार्ग.

अशा प्रकारे वाढलेल्या कॅल्शियममुळे स्वादुपिंडदाह होणे ही दुर्मीळ घटना आहे. वैद्यकीय नियतकालिकांत तिची नोंद बहुधा एकेका रुग्णाच्या वृत्तांताच्या रूपाने येते. तेव्हा पोट दुखले की कर्करोगाची शंका घ्यावी, असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु ज्याच्या बाबतीत ती घडते, त्याच्यासाठी दुर्मीळ या शब्दाला अर्थ उरत नाही. एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. साठी ओलांडलेल्या एखाद्या गृहिणीस दोन-तीन महिन्यांपासून पाठदुखी आहे. तहान फार लागते, लघवीला वारंवार जावे लागते. मधुमेहाची तपासणी केली, ती चांगली आली. बद्धकोष्ठता वाढली आहे. दुपारी ती गुंगीत असल्यासारखी पडून राहते, नातवंडांची नावे चुकते. घरचे म्हणतात, “वय झाले आईंचे.” कोणी पाठदुखीसाठी कॅल्शियमच्या गोळ्या आणून देतो. आणि एके रात्री पोटात कळ उठते. दवाखान्यात स्वादुपिंडदाहाचे निदान होते. मद्य नाही, खडे नाहीत. या सर्व तक्रारी वेगवेगळ्या नव्हेत, हे ध्यानात येण्यासाठी कोणीतरी एका रक्ततपासणीची चिठ्ठी लिहिणे आवश्यक असते. तहान, बद्धकोष्ठता, गुंगी ही वाढलेल्या कॅल्शियमची लक्षणे, पाठदुखी ही पोखरल्या गेलेल्या मणक्यांची आणि पोटातली कळ ही स्वादुपिंडाची. अशा वेळी मायलोमासारखा विकार या एका धाग्यावरून सापडू शकतो, आणि मायलोमावर आज पूर्वीपेक्षा पुष्कळ प्रभावी औषधे आहेत. उलट निदान न होता शिरेतून कॅल्शियम दिले गेले, तर आगीत तेल ओतल्यासारखे होते.

कॅल्शियम वाढलेले आढळल्यानंतर दिशा ठरविणारी तपासणी म्हणजे पॅराथायरॉइडच्या संप्रेरकाची. ते वाढलेले असेल, किंवा कॅल्शियम इतके असूनही दबलेले नसेल, तर दोष बहुधा त्या ग्रंथीतच आहे. ते अगदी दबलेले असेल, तर ग्रंथी निर्दोष असून कॅल्शियम दुसरीकडून येत आहे असे समजावे, आणि मग कर्करोगाचा किंवा औषधांच्या अतिरेकाचा शोध घ्यावा. ग्रंथीचा दोष असेल तर वाढलेली ग्रंथी शस्त्रक्रियेने काढता येते, आणि त्यानंतर स्वादुपिंडदाहाचे झटके सहसा थांबतात. कर्करोगात प्रथम सलाइन भरपूर देऊन, हाडांची झीज रोखणारे झोलेड्रोनिक आम्लासारखे इंजेक्शन देऊन कॅल्शियम काही दिवसांत खाली आणतात, आणि मग मूळ रोगाचा उपचार हाती घेतात.

औषधांच्या अतिरेकाबद्दल मात्र थोडे अधिक बोलणे प्राप्त आहे. कारण कर्करोग दुर्मीळ, पण हे कपाटातले संकट आहे. शाकाहारी आणि दिवसभर दुकानात किंवा घरात वावरणाऱ्या माणसांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते. त्यासाठी ६०,००० युनिटची गोळी किंवा पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे, असे डॉक्टर लिहून देतात. ती कोणी समजुतीच्या घोटाळ्याने रोज घेतो, कोणी वर्षभर चालू ठेवतो. कोणी गुडघेदुखीसाठी ६ लाख युनिटची इंजेक्शने एकामागून एक टोचून घेतो. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे निघून जात नाही, त्यामुळे घेणे थांबविल्यानंतरही त्याचा परिणाम कित्येक आठवडे, कधी महिने टिकतो. कमतरता सार्वत्रिक असलेल्या काश्मीरमधील डॉक्टरांनीच अशा अतिरेकाच्या रुग्णांचा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध केला, हे पुरेसे बोलके आहे. यात भर पडते ती कॅल्शियमच्या गोळ्यांची, रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या थायाझाइड गटातील गोळ्यांची, आणि आम्लपित्तासाठी परस्पर घेतलेल्या शंखभस्म किंवा प्रवाळभस्मासारख्या औषधांची. ही भस्मे रासायनिकदृष्ट्या मुख्यतः कॅल्शियमचीच संयुगे होत. प्रत्येक औषध देणारा निराळा, आणि एकाची वही दुसऱ्याने पाहिलेली नसते! रुग्णास डॉक्टरांकडे नेताना घरातील सर्व गोळ्या, पुड्या, भस्मे एका पिशवीत घालून न्यावीत; त्यात लाजण्यासारखे काही नाही.

कॅल्शियमनंतरचा मान ट्रायग्लिसराइडचा. रक्तातील ही चरबी १५० पर्यंत असावी. ती १,००० च्या वर गेली की स्वादुपिंडास धोका संभवतो. अशा रुग्णाचे रक्त नळीत ठेवले, तर वर दुधासारखा पांढरा थर दिसतो. निर्व्यसनी शाकाहाऱ्यासही हे होते. आनुवंशिकता, बेताल मधुमेह आणि साखर-मैद्याची चंगळ यांचे हे मिळून केलेले काम असते. येथील सापळा कॅल्शियमच्या नेमका उलट आहे. दवाखान्यात उपाशी ठेवून सलाइन सुरू केले की ही चरबी एक-दोन दिवसांत झपाट्याने उतरते. म्हणून तिची तपासणी दाखल होताच करावयास हवी, आणि कॅल्शियमची दाखल झाल्यावर व बरे झाल्यावर अशी दोनदा. शिवाय चरबी फार असली, तर अमायलेज या नेहमीच्या तपासणीचा आकडाही फसवा सामान्य येऊ शकतो.

इतर कारणांची यादी लांब आहे, पण तिच्यावर फार वेळ घालविण्याचे प्रयोजन नाही. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट, काही विशिष्ट विकारांत दिले जाणारे अ‍ॅझाथायोप्रीन, रक्ताच्या कर्करोगातील अ‍ॅस्पॅराजिनेज ही औषधे क्वचित हा विकार घडवितात. मधुमेह आणि वजन यांसाठी अलीकडे लोकप्रिय झालेल्या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकातही याबाबतची सूचना असते. मुलांत गालगुंडानंतर, किंवा सायकलवरून पडून हँडल पोटात घुसल्याने तो होतो. पित्तनलिकेत दुर्बीण घालून केलेल्या उपचारानंतर काही जणांस होतो. काश्मीरमध्ये आतड्यातील जंत नलिकेत शिरून झालेले रुग्ण पुष्कळ नोंदले गेले. कोकणात विंचूदंश म्हटला की हृदयावरील परिणाम आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे कार्य आठवते. त्रिनिदाद बेटावरील विंचू मात्र स्वादुपिंडावर आघात करतो, आणि तेथील अशा रुग्णांचा वृत्तांत १९७० साली प्रसिद्ध झाला. एकाच कुटुंबात लहान वयापासून झटके येत असतील तर आनुवंशिक दोष शोधावा. ट्रिप्सिनच्या जनुकातील असा दोष १९९६ साली अमेरिकेत सापडला. शरीराची संरक्षक यंत्रणाच पिंडावर उलटते असाही एक प्रकार आहे, आणि तो स्टिरॉइडने आटोक्यात येतो.

एक कारण मात्र या ओळीत घाईने सांगून चालणार नाही. चाळिशी-पन्नाशी उलटल्यानंतर प्रथमच, काहीही कारण न सापडता हा विकार झाला, तर स्वादुपिंडातच लहानशी गाठ असून तिने नलिका अडविली आहे काय, हे पाहणे आवश्यक असते. झटक्याच्या वेळी सूज असल्याने गाठ झाकली जाते. म्हणून सूज उतरल्यावर, सुमारे सहा-आठ आठवड्यांनी, सी.टी. स्कॅन अथवा एम.आर.आय. पुन्हा काढतात, आणि शंका उरल्यास दुर्बिणीच्या टोकाला बसविलेल्या सोनोग्राफीने जठराच्या आतून पिंड पाहतात. गाळ आणि बारीक खडेही याच तपासणीत उत्तम दिसतात. ही सोय महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत उपलब्ध आहे.

घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर निदानाखाली कारणाची जागा असते. ती रिकामी असेल किंवा तेथे ‘अज्ञात’ असे लिहिले असेल, तर रुग्णाच्या मुलाने वा सुनेने तेथेच, नम्रपणे, तीन गोष्टी विचाराव्यात : ट्रायग्लिसराइड दाखल होताना किती होते, कॅल्शियम पुन्हा कोणत्या तारखेस तपासावयाचे, आणि स्कॅन पुन्हा केव्हा काढावयाचा. उत्तरे त्याच कार्डावर लिहून घ्यावीत. वेदना थांबली, रुग्ण जेवू लागला, म्हणजे ती तारीख विसरली जाते. दुसरा झटका आल्यावर कार्ड शोधले जाते.